मुक्काम होर्ता

आपल्याकडे जुन्या पत्रांच्या डोक्यावर आधी 'मुक्काम पोस्ट' असे लिहीत आणि मग गावाचे नाव घालीत. लिहिणारा त्या गावात पन्नास वर्षे राहत असो, त्याचे वाडवडील त्याच मातीत गेलेले असोत, पत्र लिहिताना तो आपला मुक्कामालाच! हा मायना ज्याने प्रथम लिहिला तो मोठा शहाणा माणूस असला पाहिजे. मला त्या शब्दाची खरी किंमत कळली ती मात्र घरापासून फार लांब, अटलांटिक महासागरातल्या होर्ता नावाच्या एका चिमुकल्या बंदरात.

शिडाच्या बोटीतून अटलांटिक ओलांडला म्हटले की लोक पहिला प्रश्न विचारतात तो वादळाचा. "लाटा केवढ्या होत्या हो?" मी कोणाची निराशा करीत नाही. दोन्ही हात पसरतो, वाटल्यास खुर्चीवर उभा राहतो. पण वाचकहो, या सदरात आपल्यापासून काही लपवायचे नाही असा आपला करार आहे, म्हणून सांगतो. त्या सफरीतले खरे वादळ मला समुद्रात भेटलेच नाही. ते भेटले बंदरात. बोट चार दोरांनी धक्क्याला घट्ट बांधलेली असताना.

शिडाच्या बोटींवर वावरलेली माणसे सांगतात, की बोटीवरच्या माणसांचा मेळ समुद्रात फुटत नाही, बंदरात फुटतो. समुद्रात भांडायला सवडच नसते. एक जण सुकाणूवर, एक झोपलेला, एक भात शिजवतो आहे आणि चौथा ते पातेले उलटू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून बसला आहे! किनारा लागला, एक रात्र सलग झोप झाली, की मग पंधरा दिवस गिळून टाकलेले शब्द एकेक करून वर येऊ लागतात.

ही गोष्ट 2019 सालची. बोटीचा मालक आणि कप्तान म्हणजे माझा रत्नागिरीचा शाळासोबती. एकाच बाकावर बसून आम्ही दोघांनी मार खाल्ला. पुढे तो डॉक्टर होऊन इंग्लंडात गेला, तिथेच स्थायिक झाला, आणि निवृत्त झाल्यावर इतर लोक बागेत गुलाब लावतात तसे याने बारा मीटर लांबीची एक शिडाची बोट घेतली. बोटीला नाव दिले बायकोच्या आजीचे. हा डॉक्टरकीपेक्षा मुत्सद्देगिरीचा भाग अधिक! ती दोघे आदल्या उन्हाळ्यात इंग्लंड सोडून निघाली होती. कॅनरी बेटांवरून अटलांटिक ओलांडून त्यांनी हिवाळा कॅरिबियन बेटांत काढला. परतीच्या वाटेवर हाताशी माणसे हवीत म्हणून मी बर्म्युडाला जाऊन बोटीवर चढलो. चौथा होता तेवीस वर्षांचा एक फ्रेंच मुलगा. तो त्यांना अँटिग्वाच्या धक्क्यावर सापडला. कामाच्या बदल्यात प्रवास हवा, अशी पुठ्ठ्याची पाटी गळ्यात अडकवून तो उभा होता म्हणे.

बर्म्युडा ते होर्ता सुमारे 1800 सागरी मैल. नकाशावर कॅरिबियनहून युरोपकडे सरळ रेघ ओढता येते, पण शिडाच्या बोटीला त्या रेघेचा काही उपयोग नाही. त्या पट्ट्यात वारा पूर्वेकडून, म्हणजे थेट तोंडावर येतो. म्हणून आधी उत्तरेला चढायचे, पश्चिमेचा वारा पाठीशी घ्यायचा, आणि मग पूर्वेची वाट धरायची. त्या वाटेवर, अफाट पाण्यात, पोर्तुगालची अझोर ही नऊ बेटे पसरली आहेत. होर्ता हे त्यांतल्या फायाल बेटावरचे बंदर. लिस्बन तिथून सुमारे 1700 किलोमीटर. कोकण रेल्वेला चिपळूण तसे या वाटेला होर्ता. गाडी कुठलीही असो, इथे उतरून पाय मोकळे करायचेच.

पंधराव्या दिवशी पहाटे पोराने हाक मारली. पूर्वेला ढगांची रांग होती आणि ढगांच्या वर, आकाशात, एक करडा त्रिकोण लटकला होता. तो पिको. फायालसमोरच्या बेटावरचा हा ज्वालामुखी 2351 मीटर उंच आहे. पोर्तुगालमध्ये त्याहून उंच शिखर नाही. पंधरा दिवस आडव्या रेघेशिवाय दुसरे काही न पाहिलेल्या डोळ्यांना ती उभी रेघ इतकी गोड वाटली, की आम्ही चौघेही बराच वेळ बोललो नाही. वहिनी तेवढ्या आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. शिल्लक साखर सगळी त्यांनी त्याच चहात घातली होती.

परदेशाहून आल्याची खूण म्हणून पिवळा बावटा चढवून आम्ही धक्क्याला लागलो. कचेरीत कागद, पोलिसांपुढे पारपत्रे, जकातवाल्यांची चौकशी असे सोपस्कार झाले. ब्रिटन त्या वेळी युरोपीय संघात होते, त्यामुळे कप्तान आणि वहिनी चटकन सुटली. माझे भारतीय पारपत्र आणि त्यावरचा व्हिसा मात्र साहेबांनी शांतपणे, पान न् पान वाचला. मग उठून त्यांनी हात पुढे केला. बाहेर पडलो तर जमीन डोलत होती! हा अनुभव सगळ्यांनाच येतो. शरीराला बोटीच्या झोक्याची इतकी सवय झालेली असते, की स्थिर फरशीवर पाऊल टाकताना माणूस दारुड्यासारखा चालतो. बंदरातली पोरे ती चाल ओळखतात आणि हसतात.

पहिल्या दिवशीच्या सुखांची यादी फार लहान आणि फार मोठी असते. संपेल याची भीती नसलेले गरम पाणी. हिरवी पाने. आणि पाव. बेकरीत शिरून मी बोटाने पाव दाखवला, तर बाई म्हणाली, "पाँव?" मी थक्क! आपला पाव, बटाटा, चावी, बालदी, कोबी, परात, लिलाव हे सगळे पाहुणे गोव्या-वसईच्या वाटेने इथल्याच भाषेतून आपल्या घरात आले आणि घरचेच होऊन बसले. पैसे देताना कानावर 'पगार' पडले. त्या भाषेत पगार म्हणजे पैसे चुकते करणे. आमच्या वहिनींनी त्या दिवसापासून बाजारात खुशाल मराठी बोलायला सुरुवात केली, आणि सांगायला हरकत नाही, त्यांना भाजी आमच्यापेक्षा ताजी मिळे.

होर्ता हे गाव मुक्कामावरच जगत आले आहे. देवमाशांच्या शिकारीवर निघालेली अमेरिकन जहाजे इथे पाणी भरीत आणि इथलीच तरणी मुले नोकरीला घेऊन जात. 1893 मध्ये लिस्बनहून समुद्राखालची तार इथे आली, आणि पुढे कितीतरी वर्षे युरोप-अमेरिकेचे निरोप या बेटावर उतरून पुढे जात. ती तारघरे 1969 मध्ये बंद झाली. अटलांटिक प्रथम ओलांडणारे अमेरिकन नौदलाचे विमानही 17 मे 1919 रोजी इथेच पाण्यावर उतरले. नंतर 1939 पासून उतारूंची उडती जहाजे इथे थांबू लागली. तीही थांबली. मग 1986 मध्ये लहान बोटींसाठी गोदी झाली, आणि जगभरचे आमच्यासारखे हौशे-नवशे येऊ लागले. उन्हाळ्याच्या तोंडावर गर्दी एवढी होते, की धक्क्याला एक बोट, तिला दुसरी, तिला तिसरी अशा बांधतात. बाहेरच्या बोटीवरचा माणूस गावात जायला निघाला की दोन संसारांच्या अंगणातून 'माफ करा' म्हणत जातो. चाळीत राहिलेल्या माणसाला यात नवीन काही नाही!

एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस, जोशुआ स्लोकम, जुलै 1895 मध्ये याच बंदरात आला होता. दोन दिवस थांबायचे म्हणून आला आणि चार दिवस राहिला, कारण इथल्या माणसांची माया. निघताना मिळालेली आलुबुखारे आणि पांढरे चीज त्याने समुद्रात मनसोक्त खाल्ले, आणि पोटात असा गोळा आला की तो खोलीत आडवा झाला. शुद्धीवर येऊन पाहतो तो सुकाणूवर एक अनोळखी खलाशी उभा! तो म्हणाला, मी कोलंबसाच्या 'पिंटा' जहाजाचा वाटाड्या, तू निश्चिंत झोप. अर्थात तो भास होता. पण त्या रात्री स्प्रे बोट आपल्या वाटेवरून ढळली नव्हती, हेही स्लोकमने लिहून ठेवले आहे. होर्तात आलेल्या प्रत्येकाला ही गोष्ट कोणीतरी ऐकवतेच. आम्हाला ती निळ्या रंगाच्या 'पीटर' कॅफेत शेजारच्या बोटीवरच्या डच जोडप्याने ऐकवली. 1918 पासूनचे हे दुकान म्हणजे दर्यावर्दींचे विठ्ठल मंदिर. छताला देशोदेशीचे बावटे टांगलेले. वरच्या मजल्यावर देवमाशाच्या दातांवर कोरलेल्या चित्रांचे संग्रहालय. ज्यांना पत्ता नाही अशा माणसांची पत्रे सांभाळून ठेवण्याचे कामही या दुकानाने वर्षानुवर्षे केले आहे.

लोकांना वाटते, बंदरातला मुक्काम म्हणजे विश्रांती. समुद्रात जे जे मोडते, फाटते, गळते ते सगळे बंदराची वाट पाहत असते. आमचे पहिले तीन दिवस शीड शिवण्यात, टाक्या धुण्यात, खारट झालेल्या गाद्या आणि दोन पोती कपडे वाळवण्यात गेले. चौथ्या दिवशी गावातला कारागीर झोपाळ्यासारख्या पट्ट्यात बसून डोलकाठीवर चढला. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या पोलादी तारा असतात; 19 धाग्यांच्या पिळाची एकेक तार. उजवीकडच्या एका तारेतले दोन धागे वरच्या टोकाशी तुटले होते. खाली उतरून त्याने दोन बोटे वर केली आणि मान हलवली. त्या तारेने आणखी बाराशे मैल काढले असते की नाही, हे तो सांगेना. नवी तार लिस्बनहून यायला हवी होती. आणि मध्ये रविवारी पेंटेकॉस्टचा सण, सोमवारी सुट्टी. म्हणजे आणखी एक आठवडा.

त्या संध्याकाळी कप्तानाने मेजावर नकाशा पसरला.

होर्ताहून दोन वाटा फुटतात. एक ईशान्येला, इंग्लंडच्या फालमथ बंदराकडे. सुमारे 1200 मैल. दुसरी पूर्वेला, जिब्राल्टरकडे, म्हणजे भूमध्य समुद्रात. अंतर जवळजवळ सारखेच. कप्तानाचे बोट पूर्वेकडच्या वाटेवर होते. "एवीतेवी आठवडा गेलाच आहे," तो म्हणाला, "आणि इथवर आलोय. जिब्राल्टरला शिरू, उन्हाळा स्पेनच्या किनाऱ्याला काढू, मग सिसिली, मग ग्रीस. दोन वर्षांत सगळं होईल. पुन्हा या वयात कोण एवढ्या लांब येतंय?"

वहिनी भाजी निवडीत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "ठरलं काय होतं?" त्यांनी विचारले.

"ठरलं होतं ते ठीकच आहे, पण..."

"एक वर्ष. जायचं आणि परत यायचं. तुम्हीच कागदावर लिहून दिलं होतं, अहो. तो कागद अजून औषधांच्या डब्यात आहे."

"पण घरी असं आहे काय जाऊन करण्यासारखं? कोणी आजारी आहे?"

"कोणी आजारी नाही, कोणी बाळंतीण नाही. ठरलं होतं, एवढंच कारण. तेवढं पुरत नाही का?"

आवाज कोणाचाच चढला नव्हता. तो चढला असता तर बरे झाले असते. बारा मीटरच्या बोटीत दोन माणसांना एकमेकांशी न बोलता राहायचे असेल तर उरलेल्या दोघांना निरोप्या व्हावे लागते. "भाऊजी, त्यांना म्हणावं चहा झालाय." "अरे, तिला विचार, किल्ल्या कुठेत." त्या किल्ल्या दोघांच्या मध्ये, मेजावर असत. फ्रेंच पोराला मराठीचे अक्षर कळत नव्हते, तरी दुसऱ्या दिवशी तो मला धक्क्यावर गाठून म्हणाला, "बोट कोणत्या दिशेला जाणार आहे?" मी म्हटले, "ते अजून वाऱ्यालाही ठाऊक नाही."

दोन दिवसांनी वहिनींनी विमानाची चौकशी करून आणली. होर्ताहून लिस्बन, लिस्बनहून लंडन. त्यांनी तो कागद नकाशावर ठेवला. "तुम्ही खुशाल ग्रीसला जा," त्या कप्तानाला म्हणाल्या. "मी रागावून चाललेय असं समजू नका. मला ग्रीस नकोय असंही नाही. पण मी ज्या वाटेने निघाले ती पुरी करून मग दुसरी धरीन. मला माझ्या स्वयंपाकघरात एकदा उभं राहायचंय, जिथे भांडं ठेवलं की ठेवलेल्या जागी राहतं." कप्तान काही बोलला नाही. तो वर जाऊन, कोणी सांगितले नसताना, पितळी कड्या घासू लागला.

वाचकहो, एका बोटीची गोष्ट म्हणून हसण्यावारी नेऊ नका. आपल्या कितीतरी घरांत बदलीच्या गावी, मुलाच्या परदेशी, नव्या फ्लॅटच्या हप्त्यांत हेच घडते. एक जण दिशा ठरवतो आणि दुसऱ्याने मागून यायचे असते. घरात ते चालून जाते, कारण घराला खोल्या असतात, शेजार असतो, माहेर असते. बोटीवर फक्त नाळ असते, आणि ती एका वेळी एकाच दिशेला रोखता येते.

त्याच दिवशी मी, वहिनी आणि पोरगा बसने बेटाच्या पश्चिम टोकाला, कापेलिन्योसला गेलो. रस्त्याच्या दोन्ही कडांना हायड्रेंजियाची कुंपणे निळी व्हायला लागली होती. त्यांच्यामुळेच फायालला निळे बेट म्हणतात. टोकाला पोचलो आणि रंग एकदम संपले. 27 सप्टेंबर 1957 रोजी इथे किनाऱ्याजवळ समुद्र उकळू लागला, आणि पुढे तेरा महिने ज्वालामुखी धुमसत राहिला. बेटाला नवी जमीन जोडली गेली, पण जुनी शेते आणि घरे राखेखाली गेली. दीपगृहाचा तळमजला आजही राखेत गाडलेला आहे. समुद्र त्याच्यापासून लांब सरकला आहे. घरे गेलेल्या लोकांसाठी 1958 मध्ये अमेरिकेत खास कायदा झाला. तो मांडणाऱ्यांत तेव्हाचे सिनेटर जॉन केनेडी होते. बेटावरची हजारो माणसे मग अमेरिकेला गेली. वहिनी बराच वेळ त्या राखाडी उतारावर उभ्या होत्या. नंतर म्हणाल्या, "यांचं घर राखेखाली गेलं म्हणून ही माणसं गेली, भाऊजी. माझं घर आहे तिथंच आहे. नुसतं कुलूप लावून ठेवलंय."

रविवारी सण होता. या बेटांवर पेंटेकॉस्टला पवित्र आत्म्याचा उत्सव करतात. एखाद्या साध्याच माणसाच्या डोक्यावर चांदीचा मुकुट ठेवतात, आणि मग लांबच लांब मेजांवर पंगत बसते. मोठ्या हंड्यांतला मांसाचा रस्सा पावावर ओतून वाढतात. गावातला असो, वाटसरू असो, पंगतीला कोणालाही मज्जाव नाही आणि पैसा कोणी घेत नाही. आम्ही रस्त्याने चाललो होतो तर एका म्हाताऱ्याने दंड धरून आम्हाला बसवले. वहिनी मांस खात नाहीत हे खुणेने सांगितल्यावर वाढणाऱ्या बाया आत पळाल्या आणि दालचिनीची पूड भुरभुरवलेली तांदळाची खीर घेऊन आल्या. महाप्रसाद म्हणतात तो दुसरा काय असतो? कप्तान नेमका वहिनींच्या समोर येऊन बसला होता. खिरीची वाटी अर्धी झाल्यावर वहिनींनी ती त्याच्याकडे सरकवली. तो गोडाचा भोक्ता. त्याने ती मुकाट्याने संपवली. पण बोलणे नाही ते नाहीच.

त्या रात्री डच जोडपे आमच्या बोटीवर आले. आम्ही भारतातले म्हणून त्यांनी वास्को द गामाचा विषय काढला, आणि कप्तानाची कळी खुलली. इतिहास हा त्याचा जुना नाद. वास्कोने पुढे आपल्या किनाऱ्यावर काय क्रौर्य केले ते त्याने आधी सांगितले, आणि मग म्हणाला, त्याचीच एक दुसरी गोष्ट याच बेटांतली आहे.

1498 मध्ये कालिकतला पोचलेला वास्को परत निघाला तेव्हा त्याचे निम्म्याहून अधिक लोक रोगाने गेले. माणसे पुरेनात म्हणून एक जहाज वाटेत जाळून टाकावे लागले. त्याचा भाऊ पावलो आजारी पडला. आफ्रिकेच्या पश्चिमेला केप व्हर्ड बेटांना ते लागले तेव्हा लिस्बन अगदी टप्प्यात होते. राजा वाट पाहत होता, सारी कीर्ती समोर होती. वास्कोने आपले जहाज दुसऱ्याच्या ताब्यात दिले, एक हलकी जलद नौका घेतली आणि भावाला लवकर घरी न्यावे म्हणून निघाला. पण पावलो खालावला, तेव्हा त्याने लिस्बनची वाट सोडून नौका अझोरच्या तेर्सेइरा बेटाकडे वळवली. तिथे पावलो वारला. त्याला तिथल्या अंग्रा गावी पुरले, आणि मगच वास्को लिस्बनला गेला. त्याच्या आधी त्याची जहाजे पोचली होती.

डच बाईने विचारले, "म्हणजे वास्को नसतानाही जहाज पोचलं?"

"पोचलं," कप्तान म्हणाला. "जहाज पोचतंच. म्हणजे..."

तो तिथेच थांबला. पाहुण्यांना वाटले, शब्द अडला असेल. मी त्याला चाळीस-पन्नास वर्षे ओळखतो. त्याला शब्द अडत नाही. वहिनी दिव्याची वात कमी-जास्त करीत बसल्या होत्या. त्यांनीही वर पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी मी उठलो तर मेजावर भूमध्य समुद्राचा नकाशा नव्हता. त्या जागी फालमथचा होता. कप्तान सुकाणूपाशी चहा घेत बसला होता. वहिनी बाहेर आल्या. "त्या विमानाचं काय?" त्याने विचारले. मधे निरोप्या न घेता विचारलेला हा चार दिवसांतला पहिला प्रश्न.

"पैसे भरलेले नाहीत अजून," वहिनी म्हणाल्या.

"मग भरू नकोस. घरी जाऊ. बोटीनं जाऊ, सगळेच."

"आणि ग्रीस?"

"ते तू सांगशील तेव्हा."

"सांगीनच असं नाही हं," वहिनी म्हणाल्या.

"नाही सांगितलंस तर नाही," कप्तान म्हणाला. हे बोलताना त्याला कष्ट पडत होते, हे दिसत होते. म्हणूनच मला ते खरे वाटले. हसत हसत केलेल्या त्यागावर माझा फारसा विश्वास नाही.

नवी तार मंगळवारी आली. कारागिराने ती त्याच दुपारी चढवून ताणून दिली. आता एकच काम उरले होते. होर्ताच्या गोदीची भिंत आणि धक्का म्हणजे जगातले सर्वांत मोठे चित्रांचे पुस्तक. इथून निघण्यापूर्वी प्रत्येक बोटीने आपले चित्र काढायचे, नाही तर पुढे अपशकुन होतो, असा समज आहे. आमच्यात अंधश्रद्धाळू कोणी नव्हते. तरी बुधवारी पहाटे चौघेही रंगाचे डबे घेऊन हजर! वहिनींनी बोट काढली, मागे पिकोचा त्रिकोण. खाली त्यांच्या आजीचे नाव, 2019, आणि आम्हा चौघांची नावे देवनागरीत. पोराने आपले नावही त्याच लिपीत हवे म्हणून हट्ट धरला आणि ते पूर्ण होईपर्यंत तो वहिनींच्या खांद्यावरून पाहत राहिला. 'कुठून' आणि 'कुठे' लिहायची इथे पद्धत आहे. वहिनींनी 'बर्म्युडा' लिहिले आणि कुंचला कप्तानाच्या हातात दिला. त्याने 'फालमथ' लिहिले. अक्षर डॉक्टरचे, त्यामुळे ते कोणाला वाचता येईल असे नाही.

पुढच्या प्रवासात सांगण्यासारखे काही घडले नाही. वारा बरा होता, भात एकदाच सांडला.

2020 च्या वसंतात साथ आली तेव्हा होर्तात आलेल्या बोटींवरच्या माणसांना जमिनीवर पाय ठेवायची बंदी होती. महासागर ओलांडून आलेली माणसे समोर गाव दिसत असूनही नांगरावर बसून राहिली. पाणी, इंधन, भाजीपाला गावातली माणसे बोटीपर्यंत पोचवीत, आणि चार दिवस दम खाऊन त्या पुढे जात. ती बातमी मी मुंबईत, घराचे दार बंद करून वाचली. त्या वर्षी सगळे जगच मुक्कामाला होते. बंद बोटीत आणि बंद घरात कोण कोणाशी कसे बोलत असेल, याचा विचार माझ्या मनात बराच वेळ घोळत होता.

कप्तान आणि वहिनी 2022 मध्ये भूमध्य समुद्रात गेली. दिशा कोणी ठरवली ते मी विचारले नाही. निघताना वहिनींनीच मला फोन केला, "भाऊजी, ग्रीसला येता का? मी जातेय, हेही येताहेत."

होर्ताच्या भिंतीवरचे रंग ऊन आणि खारा वारा फार दिवस टिकू देत नाहीत. तिथे एक अलिखित नियम आहे. दुसऱ्याचे चित्र ओळखू येते तोवर त्यावर आपले काढायचे नाही, आणि स्वतःचे टिकावे असे वाटत असेल त्याने पुन्हा येऊन त्यावर रंगाचा हात फिरवायचा. संसारालाही दुसरा नियम लागत असेल असे मला वाटत नाही.